बिनखळीचं कापड

श्यामलाबाईंच्या घरात खळीशिवाय काही वाळत नसे. नवऱ्याचे, चिंतामणरावांचे, नेहरू शर्ट, पलंगपोस, पडदे, फार कशाला, हातरुमालसुद्धा भाताच्या पेजेत बुडून, गच्चीवरच्या दोरीवर ताठ होऊन मगच कपाटात जायचे. "त्या घरात माणूस एक वेळ वाकेल हो, टॉवेल वाकायचा नाही," असं भिगवण रस्त्यावरच्या शेजारणी म्हणत. ते श्यामलाबाईंच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमानच होता. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई ती. वहीचा समास असो की साडीच्या निऱ्या, सगळं जागच्या जागी लागायचं.

अशा त्या कडक घरात इरा झाली आणि तिच्या आईपुरतं, वल्लरीपुरतं, सगळं मऊ पडलं. इराला सहावा महिना लागला तरी सुनेला वार नीट कळत नव्हते. दुपारी पंखा फिरत असायचा, पडद्यातून गाळून आलेलं ऊन फरशीवर हलत असायचं आणि इरा चुटूचुटू पीत असायची. पिता पिता तिचा एक हात वर जायचा, हवेत चाचपडायचा आणि मिळेल ते धरायचा. मंगळसूत्र, पदर, आईचा ओठ. वल्लरीला वाटायचं, आपण दोघी एका कोमट तळ्यात तरंगतोय आणि काठावरची माणसं फार लांबून काहीतरी बोलतायत.

काठावरची माणसं एकच बोलत होती. सोमवारपासून कॉलेज.

वल्लरी इंदापूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती. जायला यायला गाडी होती, इराला सांभाळायला आजी-आजोबा होते, दूध काढून ठेवायचं यंत्रही आणून झालं होतं. अडलं होतं ते पान्ह्यापाशी. आणि वल्लरीचा पान्हा म्हणजे, बाई गं! इरा रडली की यायचा, इरा हसली की यायचा, रस्त्यावरचं परकं पोर रडलं तरी यायचा. मे महिन्यात ती एका बैठकीसाठी इंदापूरला गेली होती. प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या एका बाईच्या कडेवरचं मूल रडलं आणि इकडं वल्लरीचा ब्लाऊज पुढून भिजला. सगळी बैठक तिनं छातीशी फाईल धरून काढली. व्हरांड्यात दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली, तेही तिनं पाहिलं. सस्तन प्राण्यांचा धडा शिकवणारी बाई स्वतः सस्तन निघाली, तर त्यात हसायचं काय एवढं? पण हसणाऱ्याला कोण समजावणार.

"तोड आता अंगावरचं," श्यामलाबाई म्हणाल्या होत्या. "दोन दिवस रडेल, मग घेईल बाटली. सगळ्यांचं तुटतं." हे सांगताना त्या इराकडं बघत नव्हत्या. तशाही वल्लरी पाजायला बसली की त्या काहीतरी काम काढून उठूनच जायच्या. सासूला हे सगळं ओंगळ वाटतं, असं वल्लरीनं मनाशी धरून ठेवलं होतं. नवरा, अनय, म्हणाला, "तू ठरवशील तसं." आता 'तू ठरव' म्हणणारा नवरा दिसायला मोठा मोकळा दिसतो, पण ओझं जागचं तसूभर हलत नाही.

छातीशी लावायचे, दूध टिपणारे बाजारचे पॅड वापरून झाले होते. बारामतीच्या उकाड्यात ते आतून चिकटायचे आणि त्याखाली घामोळ्यांचं रान उठायचं. राहता राहिले घरी शिवलेले, धुऊन पुन्हा वापरायचे कापडी पॅड. ते टिकले तर इराचं पिणं टिकणार, नाहीतर सोमवारच्या आत तोडायचं. हे वल्लरीनं स्वतःच्या तोंडानं कबूल करून टाकलं होतं, आणि कबूल केल्यापासून इरा प्यायला लागली की ती उरलेले दिवस मोजायची.

म्हणून एका दुपारी ती इराला घेऊन जरिनाकडं गेली. जरिनाच्या नवऱ्याचं, इब्राहिमचं, कटपीसचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत जरिनाचं मशीन. जरिनाचं माहेर कळसचं. कळसच्या शाळेत पहिलीला तिला श्यामलाबाई होत्या, त्यामुळं ती आजही त्यांना 'बाई' म्हणायची आणि त्या समोर आल्या की ओढणी सारखी करून उभी राहायची. वल्लरीला मात्र ती कसली भिते! "या वैनी, या," ती म्हणाली, "आलं का उजनीचं धरण? आज दारं बंद हायत न्हवं?"

इराला तुकड्यांच्या ढिगात बसवलं. मग दोघींनी वाटीत पाणी घेतलं, चमचा घेतला आणि एकेका कापडावर थेंब सोडून बघायला लागल्या. वल्लरीचा हात आधी गेला साटीनवर. किती गुळगुळीत, गालाला लावावंसं. थेंब त्याच्यावर पडला, मोत्यासारखा थांबला आणि घरंगळून जमिनीवर गेला.

"ह्यो पाव्हना हाय," जरिना म्हणाली. "येतो, पर बसत न्हाय."

पॉपलीननं थेंब घेतला, पण बराच विचार करून. मांजरपाट गटागटा प्यायलं, पण त्याचा खरखरीतपणा दुखऱ्या जागी कोण सोसणार? टर्किश टॉवेलाचा तुकडा खरा तहानलेला निघाला, चमचाभर पाणी प्याला तरी वर ओल दिसेना. तो मधल्या थराला ठरला. बाहेरून काय लावायचं? जूनचे दिवस, दुकानात रेनकोटच्या कापडाचे ढीग लागलेले. इब्राहिमनं गल्ल्यावरूनच सुचवलं, "ह्ये लावा, थेंब बाहेर यायचा न्हाय." ते लावून बघितलं तर चालताना चुरचुर वाजायचं आणि आत घाम धरायचा. शेवटी हिवाळी जाकिटाच्या आतलं मऊ लोकरी कापड ठरलं. ते ओल अडवायचं, पण वारा अडवायचं नाही.

राहिला अंगाला लागणारा थर. "मलमल लावा, पर नवी नगं," जरिना म्हणाली. "जुनेर पायजे. वर्सानुवर्सं धुतल्यालं. तुमच्या घरात निगंल की एखादं."

"आमच्या घरात?" वल्लरी हसायला लागली. "अहो जरिनाताई, आमच्याकडचं जुनेर भिंतीला टेकून उभं राहतं!"

जरिनाही तोंडाला ओढणी लावून हसली. बाईंची थट्टा करायला तिची जीभ अजून धजत नव्हती, पण हसण्याला कोण अडवतं? मग नवीनच मलमल घेतली. तिची गिरणीची खळ जावी म्हणून ती उकळायची, चोळायची, परत उकळायची असं ठरलं.

तेवढ्यात बाहेर गजरेवाली आली. मोगऱ्याचा वास दुकानभर पसरला आणि इरा नाक वर करून बघायला लागली. जरिनानं विचारलं, "घेऊ का एक तुमाला?"

"नको. आईंना चालत नाही. मोगऱ्यानं त्यांचं डोकं दुखतं. कुंडीसुद्धा ठेवू देत नाहीत."

"बाईंचं?" जरिनाचा चमचा हवेतच राहिला. "काय सांगताय वैनी! मी पैलीत हुते तवा बाई वर्गात आल्या की मोगराच मोगरा यायचा. पर केसात बघावं तर फूल न्हाय! आमी समद्या पोरी मागनं, पुडनं बघायचो. कुटंच न्हाय. मंग आमी ठरवलं, बाई परी हायत."

घरी आल्यावर वल्लरीला इराला पाजता पाजता डोळा लागला. स्वप्नात सगळी कापडं एका ओढ्याच्या काठानं चालली होती. साटीन पुढं, भाव खात. टर्किश टॉवेल वाकून ओढ्याचं पाणी पीत. मांजरपाट जरा मागं, आपण खरखरीत म्हणून लाजलेलं. ओढा दुधाचा होता. पैलतीरावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं आणि तिकडून मोगऱ्याचा वास येत होता. 'कोण आहे?' असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि जाग आली. इरा झोपली होती, गालावर दुधाचा ओघळ वाळला होता.

पॅड झाले. गोल, तळहाताएवढे, कडेनं जरिनानं निळी शिलाई घातलेले. घरात घालून बघितले, इरा रडली, पान्हा आला आणि बाहेर टिपूस नाही. वल्लरीला नाचावंसं वाटलं. वापरलेले पॅड तिनं धुवायच्या बादलीत टाकले आणि शनिवारची वाट बघायला लागली. शनिवारी पणदऱ्याला अनयच्या चुलत बहिणीच्या, मनिषाच्या, मुलाचं बारसं होतं. तिथं पोरं रडणार, बायका जमणार, म्हणजे परीक्षा अगदी कॉलेजसारखी.

शनिवारी सकाळी घाई उडाली. कपाटात पॅडची चळत होती, एकावर एक, कडा जुळवून. तिनं दोन उचलले, घातले, वरून आकाशी साडी नेसली आणि गाडीत बसली. वाकलं की काहीतरी कुरकुरतंय असं तिला वाटलं. नवी साडी असेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

पाळणा सजला, बायका 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायला लागल्या आणि ज्याचं कौतुक चाललं होतं त्यानं आकाशपाताळ एक केलं. वल्लरीच्या छातीत ती ओळखीची कळ भरून आली. आता बघू, म्हणून ती निवांत उभी राहिली. आणि मग तिला कळलं, की आत काहीच मुरत नाही. पॅड कडेनं वर उचलला गेला होता आणि दूध त्याच्या बाजूबाजूनं वाट काढत होतं. आकाशी पदराखाली दोन गडद डाग पसरले.

"अगं बया, पोरीला पान्हा फुटला की!" एक म्हातारी मायेनं म्हणाली आणि आपल्या अंगावरची शाल तिच्या खांद्यावर टाकली. हसल्या त्याही बायका, पण त्यांच्या हसण्यात विष नव्हतं. तरी वल्लरीला रडू आवरेना. इथं शाल टाकायला कुणीतरी होतं. वर्गात कोण टाकणार?

घरी आल्यावर ती तडक गच्चीवर गेली. अंगातले पॅड तिनं हातात काढून घेतले होते. वाळायला घातलेल्या पापडासारखे ते वाकडे होऊन कडक झाले होते. दोरीवर चिंतामणरावांचे शर्ट हात पसरून ताठ उभे होते आणि त्यांच्या शेजारी नंतर धुतलेले गोल पॅड चिमट्यांत तसेच ताठ. श्यामलाबाई कपडे काढत होत्या.

"आई, ह्यांना खळ घातलीत?"

"घातली. बादलीत दिसले, घातली. सुती आहेत ना?"

"मुद्दाम केलंत," वल्लरी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी इराचं तोडावं म्हणून. तुम्हाला पहिल्यापासून नकोच होतं ते. मी पाजायला बसले की तुम्ही उठून जाता, मला काय दिसत नाही?"

हातातले चिमटे श्यामलाबाईंनी कठड्यावर ठेवले, पदरानं हात पुसले आणि खाली निघून गेल्या. वल्लरी एकटीच उभी राहिली. बोलले ते फार झालं, असं तिला वाटायला लागलं होतं, पण शब्द काय दोरीवरचे कपडे आहेत, ओढून परत घ्यायला?

श्यामलाबाई परत वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक घडी होती. लांब पट्टा, धोतराचा असावा, पिवळसर पांढरा. त्यांनी तो वल्लरीच्या हातावर ठेवला. तो इतका मऊ होता की हाताला त्याचं वजनच कळेना. ह्या घरात असं कापड? वल्लरी बघतच राहिली.

"अनय तीन महिन्यांचा होता," श्यामलाबाई कठड्याकडं बघत म्हणाल्या. "कळसच्या शाळेत हजर झाले नसते तर नोकरी गेली असती. सकाळची शाळा. त्याला पणदऱ्याला सासूबाईंपाशी ठेवून पहिली एसटी धरायचे. पहिल्या दिवशी वर्गात असंच झालं, आज तुझं झालं तसं. सगळी शाळा मी फळ्याकडं तोंड करून काढली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मोगऱ्याच्या कळ्या आणल्या. कळ्या बांधल्या की दूध आटतं म्हणतात. ह्या कापडात घालून, मागं गाठ मारून, इतक्या कसून बांधल्या की मला श्वास घेता येईना. रोज ताज्या कळ्या. वर्गात पोरी माझ्या केसात फुलं शोधायच्या."

परी, वल्लरीला जरिनाचं बोलणं आठवलं.

"आटलं मग. पण अनयला कुणी सांगितलं? मी घरी आले की तो तसाच पदरात तोंड खुपसायचा, शोधायचा. आणि मी..." जन्मभर वर्गाला ऐकू जाईल असं बोललेल्या बाईंचा आवाज बसला. "खळ मुद्दाम नाही गं घातली. हात सवयीनं गेला. पण तू तोडावंस असं वाटत होतं, ते खोटं नाही. तू पाजायला बसलीस की मला तो वास येतो. कुठंच नसतो, तरी येतो. म्हणून मी उठते."

"आई, मला माफ करा."

"माफ काय करायचं त्यात. हे घे. आतून हे लाव. ह्या एका कापडाला मी कधी खळ घातली नाही. धुतलं, वाळवलं आणि ठेवलं, टाकून देववलं नाही."

"पण हे कापायचं?"

"काप," श्यामलाबाई म्हणाल्या. "बांधून खूप झालं."

खाली इरा उठली आणि रडायला लागली. वल्लरीला पान्हा आला. खांद्यावरच्या त्या शालीच्या आडोशानं तिनं तो पट्टा तसाच छातीशी धरला, आणि इतकी वर्षं कोरडं पडून राहिलेलं ते कापड आवाज न करता पीत गेलं. दोघी सासूसुना उतरत्या उन्हात उभ्या राहून त्या घडीकडं बघत होत्या.

रविवारी जरिनानं कात्री लावली. सगळे जुने टाके उसवून आतला थर बदलला, आणि बाकीच्या थरांची खळ रात्रभर भिजवून घालवलेली होतीच. कापड कुठलं, ते वल्लरीनं सांगितलं नाही. जरिनानं मात्र एक तुकडा नाकाशी नेला आणि पुन्हा पुन्हा हुंगला. "वैनी, ह्येला मोगरा येतोय," ती म्हणाली. आता इतक्या धुण्यांनंतर कसला मोगरा राहतोय! पण ती ऐकेना, शप्पथ घ्यायला तयार झाली.

सोमवारी इंदापुरात सगळ्या वर्गांच्या खिडक्या उघड्या होत्या. वल्लरी फळ्यावर पेशीचं चित्र काढत होती. खाली प्रवेशाची रांग होती, आणि त्या रांगेत कुणाचंतरी लहान मूल भोकाड पसरून रडायला लागलं. तिचा हात फळ्यावर थांबला. छातीत कळ भरली, पान्हा सुटला आणि एका क्षणात सगळा वर्ग, बाकं, पोरं त्या कोमट तळ्याच्या काठावर लांब जाऊन बसली. ती वाट बघत राहिली, आता भिजेल, आता भिजेल. काही झालं नाही. छातीशी ऊब तेवढी राहिली. मग ती वर्गाकडं वळली, फाईल न धरता, आणि म्हणाली, "हं, तर ही पेशीची भिंत."

संध्याकाळी ती बारामतीला परतली तेव्हा श्यामलाबाई इराला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या. घरात शिरताच तिला वास आला. श्यामलाबाईंच्या करड्या अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता. जरिना सकाळी येऊन माळून गेली होती, आणि बाईंना नाही म्हणवलं नव्हतं.

"कोरडी आलीस?" त्यांनी विचारलं.

"कोरडी आले, आई."

श्यामलाबाईंनी मान हलवली. "मीपण कोरडीच यायचे गं," त्या म्हणाल्या आणि इराला तिच्या हातात दिलं.

वल्लरी शेजारीच बसली. इरा हपापल्यासारखी प्यायला लागली. श्यामलाबाई उठल्या नाहीत. उलट जरा सरकून जवळ आल्या आणि नातीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. पिता पिता इराचा हात वर गेला, हवेत चाचपडला आणि आजीच्या गजऱ्यात अडकला. तिनं तो मुठीत धरून ओढला, फुलं दोघींच्या मांडीवर सांडली, आणि श्यामलाबाईंनी ती तशीच पडू दिली.